औषध मारायच्या आधी

एकतीस वर्षं मी गोळ्यांच्या कंपनीत
बाटल्यांवरचा बारीक मजकूर तपासला.
कुठे दशांशचिन्ह घसरलंय, कुठे ‘नये’ गळून पडलंय.
म्हणून लँकेस्टरच्या दुकानातून ही बाटली आणली
तेव्हाही दिवा ओट्यावर ओढून
आधी वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पुढे ठळक: फुलांपासून बनवलेलं, सेंद्रिय बागेला चालतं.
मागे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं:
मधमाश्यांना घातक. पाण्यातल्या माशांना घातक.
वाळेपर्यंत मांजराला घरात ठेवा.

फूल कुठलं, तर शेवंतीच्याच गोतातलं.
पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गोंडा.
वेणीत माळलं असतं
तर कुणाला शंका आली नसती.

कशासाठी, तर लाल भोपळ्यासाठी.
दोनच वेल, गॅरेजच्या भिंतीला.
जूनमध्ये पिवळे पट्टेरी भुंगे आले
आणि पानांची चाळण करून बसले.
हाताने वेचले, साबणाच्या पाण्यात टाकले,
दुसऱ्या सकाळी त्यांचे व्याही हजर.

शेजारच्या लोइस हेसने कुंपणावरून सांगितलं,
“संध्याकाळी मार, वारा पडल्यावर.
माश्या घरी गेल्या की मग.”
लेबलही तेच म्हणत होतं.
दोन साक्षी जुळल्या की मी सही करते,
ती जुनी खोड.

साडेआठ वाजता
हातमोजे, नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट.
काजू खिडकीत कोंडलेली, काचेवर पंजा मारतेय.
चमचा मोजून. पाणी मोजून. आजच्यापुरतंच,
कारण अंगणाचा उतार ओढ्याकडे आहे
आणि ओढ्यात कुणाकुणाची पोरं मासे धरतात.

पहिल्या वेलावर मारलं,
पानांच्या खालून, जिथे भुंगे दडतात.
सकाळी उघडलेली फुलं दुपारीच मिटून गेली होती,
ओल्या कागदाची पुडी पिळावी तशी.
मिटलेल्याला काय जपायचं?
थोडा तुषार त्यांच्यावर गेला, जाऊ दिला.

दुसऱ्या वेलावरचं एक मिटलेलं फूल
भज्यांसाठी म्हणून, मारायच्या आधी, चिमटीत धरलं
आणि ते थरथरलं.
माझ्या बोटांत, गुंऽऽ करत.

मोजा काढला. नखाने पाकळी सोडवली.
आत एक माशी, बुटकी, केसाळ,
परागात लोळलेली, झोपमोड झालेली,
एक पाय वर करून ‘थांब’ म्हणणारी.

लोइस बॅटरी घेऊन आली, वाकून बघितलं.
“अगं, भोपळ्याच्या माशीचा नर हा.
यांना ना पोळं ना बीळ, रात्री फुलातच निजतात.
विसरलेच बघ मी.”

घरी गेल्या की मग.
हे घरीच होते.

आत जाऊन बाटली परत वाचली. मजकुरात चूक नव्हती.
‘फुलोऱ्यावर मारू नये’, सातवी ओळ.
‘उघड्या’ हा शब्द
माझा मीच मनात घातला होता.
भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात,
माझं नुसतं फूल उघडलं, तेवढ्यानं भागलं.

उरलेलं औषध वांग्याच्या रोपांना दिलं,
कळी यायला अजून अवकाश होता, आणि लेबलावर वांगी होती.
पंप तीनदा विसळला, पाणी त्याच वाफ्यात.
हात कोपरापर्यंत धुतले.
काजूने शर्ट हुंगू नये म्हणून तो वेगळा भिजवला.
झोप नाही आली, पण ते या वयात होतंच.

आता पहाटे सहाला हातानेच वेचते.
भुंगे गारठलेले असतात, जड असतात, पडतात.
निम्मी पानं त्यांना, निम्मी मला,
असा काही करार झालेला नाही,
पण तसंच चाललंय.

पहिल्या वेलावरची पाच फुलं
मी दुसऱ्या दिवशीच खुडली होती.
एक उघडलं, रिकामं. दुसरं रिकामं.
तिसरं, चौथं.
पाचवं तसंच मिटलेलं
गॅरेजच्या कडेला मातीत सरकवलं.

लोइसने विचारलं, “किती होते?”
मी म्हटलं, “चार तपासली.”